‘विंडोज मारून देणे – ३०० रु.’: वाचनालयातल्या आठ संगणकांच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

कार्यकारिणीची बैठक. विषय क्रमांक सहा, संगणक. आधीच्या पाच विषयांत दोन तास गेले, त्यातला सव्वा तास छताच्या गळतीवर. सहावा विषय लोक चपला घालता घालता झाला. १४ तारखेला विंडोज १० चे अपडेट बंद होतायत, अभ्यासिकेतल्या यंत्रांचं काय करायचं, एवढंच मी विचारलं. अध्यक्षसाहेब म्हणाले, "तुम्हीच बघा, तुम्ही त्यातले." पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली की माणूस कायमचा ‘त्यातला’ होतो. खर्चाला मंजुरी पंधरा हजार. काय केलं ते लिहून ठेवायचं, असं मी स्वतःलाच बजावलं. मागच्या वेळी कुणी काय केलं त्याचा कागद कुठेच सापडत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मोजदाद. एक ते पाच नंबर जुळवलेली यंत्रं, २०१४-१५ मधली, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. सहा आणि सात ब्रँडेड, सहाव्या पिढीची, देणगीत आलेली. आठवं कार्यालयातलं, दहाव्या पिढीचं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आठांत एकच पास.

मग परवाने. सहा-सातच्या पाठीवर स्टिकर आहे, आठच्या बिलात परवान्याचा उल्लेख आहे. एक ते पाचला काहीच नाही, आणि तरी विंडोज ‘सक्रिय’ दाखवतंय. परवान्याची माहिती देणारी आज्ञा चालवली, तर पाचही ठिकाणी व्हॉल्यूम परवाना, केएमएस पद्धतीचा. हा प्रकार मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठांसाठी. संस्थेच्या आत एक सर्व्हर असतो, बाकीची यंत्रं त्याच्याकडे हजेरी लावतात आणि दर हजेरीला १८० दिवसांची मुदत मिळते. आमच्याकडे कुठला सर्व्हर? शोधल्यावर यंत्रातच दडवलेला एक छोटा प्रोग्राम सापडला, सर्व्हरचं सोंग घेऊन बसलेला. त्या फोल्डरकडे बघायचं नाही, असं अँटिव्हायरसला आधीच सांगून ठेवलेलं. म्हणजे मांजराला दूध राखायला बसवलेलं.

बिलांच्या फायलीत कागद मिळाला. ‘विंडोज + ऑफिस मारून देणे – ३०० रु.’, पाच नग. खाली सही, शिक्का, ‘मंजूर’. दुकानदार गाव सोडून गेला म्हणतात. पण सही करणाऱ्यांत मी पण होतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पर्याय मांडले. वर्षभराचे वाढीव सुरक्षा-अपडेट मिळतात, पण जिथे मूळ परवानाच नाही तिथे मुदतवाढ कशाची? सात नवी यंत्रं पंधरा हजारांत येत नाहीत. उरलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी मुक्त प्रणाली.

अध्यक्षसाहेबांनी विचारलं, "आपलं भारतीय काही नाही का?" आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं बॉस आहे, डेबियन या लिनक्सवर उभं. संरक्षण मंत्रालयासाठी उबुंटूवर बेतलेलं माया आहे. केरळातल्या सरकारी शाळा तर कितीतरी वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतायत. मी मिंट हे लिनक्स निवडलं, २२.२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. कारण साधं आहे: जुन्या यंत्राला झेपते, २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि माझ्या घरी तेच असल्याने रात्री फोन आला तर मला उत्तर देता येईल.

१२ ऑक्टोबर, रविवार

मिंटची फाईल उतरवली, तीन जीबीच्या आसपास. मदतीला अकरावीतला एक सभासद आहे, हुशार आणि घाईत. तो लगेच पेनड्राइव्हवर चढवायला निघाला. त्याला थांबवून आधी चेकसम, म्हणजे फाईलची अक्षरांतली ओळखखूण, ताडायला लावला. "सर, वेबसाइट तर त्यांचीच आहे ना?" फेब्रुवारी २०१६ मध्येही वेबसाइट त्यांचीच होती. कुणीतरी त्यात घुसून मिंटच्या दुव्याला मागचं दार असलेली फाईल जोडून ठेवली होती, आणि त्या दिवशी उतरवणाऱ्यांनी ती विश्वासाने बसवली. हे ऐकल्यावर पोराने चौसष्ट अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली. गरज नव्हती, पण थांबवलं नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन. हॉलमध्ये मुलांचं अभिवाचन, मी आत पेनड्राइव्हवरून तीन नंबर चालवून बघतोय. साउंड, नेट, स्क्रीन सगळं ठीक. प्रिंटर नाही. विंडोज १० काल संपलं, कुणाच्याही लक्षात आलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आजची नोंद लांबणार.

पुसण्याआधी बॅकअप घ्यायला बसलो. वाटलं होतं फार तर सभासदांच्या याद्या आणि वार्षिक अहवाल असतील. ‘डाउनलोड्स’ उघडलं आणि हात थांबला. एक नंबरवर अकराशेच्या वर फायली. आधारकार्डं, दोन्ही बाजू. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर. बँक पासबुकाचं पहिलं पान. पांढऱ्या कागदावरच्या सह्या, फॉर्मला जोडायला कापलेल्या. पासपोर्ट साइज फोटो, बहुतेक पोरी-पोरांचे, कॉलरचं बटण लावून काढलेले. पोलीस भरती, शिष्यवृत्ती, तलाठी भरती, नर्सिंग प्रवेश, दहा वर्षांची गावाची धडपड एका फोल्डरमध्ये. बाकीच्या चार यंत्रांवर थोडं कमी, पण तेच. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वेगळे. एका मुलीचं ईमेल तर उघडंच होतं, २०२२ पासून.

कुठल्या परदेशी कंपनीने हे चोरलेलं नाही. विंडोज निदानासाठी काय काय पाठवतं आणि होम-प्रो आवृत्तीत ते पूर्ण बंद करता येत नाही, यावर मी पर्याय मांडताना दहा मिनिटं बोललो होतो. आणि इकडे तासाला पाच रुपये देऊन बसणारा कुणीही शेजारणीच्या आधारकार्डाची प्रत घेऊन जाऊ शकत होता, दहा वर्षं.

ग्रंथपाल मॅडमना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यातली निम्मी मुलं मला नावाने माहितीयत."

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठराखालच्याला मूल धरतो आणि त्याच्या माहितीला हात लावायचा तर पालकांची पडताळलेली संमती मागतो. आम्ही कुणाला काही मागितलं नव्हतं, नुसतं साठू दिलं. ते जास्त वाईट की कमी, ते वकिलांना विचारायला हवं.

वाद झाला तो पुढे काय करायचं यावर. खजिनदार काकांचं म्हणणं, एखाद्याचा मूळ दाखला हरवला असेल, ही एकच प्रत उरली असेल, कशाला पुसता? त्यात तथ्य होतं. पण यादी लावायची म्हणजे कुणाचं काय आहे ते पुन्हा जगजाहीर. ठरलं ते असं: फळ्यावर सूचना, कागद हवे असतील तर स्वतः ओळखपत्र घेऊन दिवाळीच्या सुट्टीआधी, म्हणजे परवापर्यंत यावं, पेनड्राइव्हवर देऊ. उरलेलं सगळं पुसणार, बॅकअप नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

चौघं आले. त्यातल्या एकीने तिथल्या तिथे सगळं पुसायला लावलं आणि पुसलेलं उघडून दाखवायलाही.

२१ ते २४ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजनापासून वाचनालय बंद. सांगलीहून २४० जीबीचे पाच एसएसडी, प्रत्येकी सोळाशे. जुन्या पद्धतीची ४ जीबी रॅम, सेकंडहँड, पाच नग, प्रत्येकी सहाशे. दोन पेनड्राइव्ह सातशे. एकूण ११,७००. पाडव्याला घरच्यांनी ओवाळलं तेव्हा हाताला थर्मल पेस्ट होती.

एक ते पाच सुरळीत. यंत्र चालू झाल्यावर एक जीबीच्या आत रॅम लागते. आधी चहा होईपर्यंत सुरू व्हायचं नाही. सहा-सातवर परवाना अस्सल, म्हणून विंडोज ठेवून शेजारी मिंट बसवलं. दोन भानगडी. एक, विंडोज खऱ्या अर्थाने बंदच होत नाही, ‘फास्ट स्टार्टअप’मुळे अर्धवट झोपतं, आणि मग मिंटला ती डिस्क फक्त वाचता येते. ते बंद केलं. दोन, घड्याळ. विंडोज यंत्राच्या घड्याळात इथली वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनिचची. इकडून तिकडे गेलं की साडेपाच तासांचा फरक. भाऊबीजेच्या दुपारी सहा नंबरवर रात्रीचे पावणेनऊ वाजले होते.

२६ ऑक्टोबर, रविवार

उघडलं. पहिला प्रश्न, "सर, क्रोम कुठाय?" दुसरा, "वर्ड कुठाय?" एमएससीआयटी झालेली मुलं चिन्हं ओळखतात, कामं ओळखत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही, शिकवणी तशीच झाली. वर्ड-एक्सेलच्या जागी असलेल्या लिबरऑफिसच्या चिन्हांखाली ‘लेखन’, ‘हिशेब’ अशी नावं दिली. तासाभरात प्रश्न थांबले.

खजिनदार काकांचं मात्र अडलं. "पावती?" पावती नाही, फुकट आहे. "मग परवाना?" परवाना आहे, तोच तर मुद्दा. लिनक्सचा गाभा जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो, जून १९९१ ची. वापरा, आत उघडून बघा, बदला, वाटा. मात्र बदल करून दुसऱ्याला दिलंत तर त्यालाही हेच हक्क आणि मूळ कोड द्यायचा. मिंटमध्ये सगळंच जीपीएल नाही, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांचा परवाना वेगळा, हेही सांगितलं आणि पस्तावलो. काकांनी चष्मा काढला. "म्हणजे मी ऑडिटला असं सांगू की आपल्याकडे परवाना आहे, पण कुणी दिला ते माहीत नाही, आणि तो आपण गावभर वाटला तरी चालतो?"

हो.

शेवटी जीपीएल छापून फायलीला लावला, इंग्रजी, त्यावर वाचनालयाचा गोल शिक्का. जडसंग्रह नोंदवहीत ओळ घातली: ‘संगणक प्रणाली, सात नग, किंमत रुपये शून्य.’ आता काकांना झोप लागते.

३ नोव्हेंबर, सोमवार

अभ्यासिकेच्या सगळ्या यंत्रांवर पाहुणा-सत्र चालू केलंय. पासवर्ड नाही, बसा, काम करा. बाहेर पडलात की फायली, ब्राउझरचा इतिहास, लॉगिन, सगळं आपोआप जातं. मला याचा फार आनंद झाला होता. आज बारावीतल्या एका मुलाने तीन तास टाइप केलेला प्रकल्प सत्राबरोबर गेला. त्याने सेव्ह केलं होतं, ‘डाउनलोड्स’मध्ये. रडला नाही, पण माझ्याकडे बघितलं ते बरं नव्हतं.

प्रत्येक टेबलावर कागद चिकटवला: उठण्याआधी पेनड्राइव्हवर घ्या, इथे काहीही राहत नाही. मॅडमच्या ड्रॉवरमध्ये दोन पेनड्राइव्ह, उसने द्यायला. ते परत आले की पुसायचे, हे मॅडमनी न सांगता सुरू केलं.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिंटर. जुना लेझर, गावात अशा शंभर असतील. बनवणाऱ्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आणि बंदिस्त, नव्या प्रणालीवर चढेना. अखेर कुण्या अनोळखी माणसाने तारेवरचं बोलणं ऐकून ऐकून लिहिलेला मुक्त ड्रायव्हर तिसऱ्या खेपेला चालला. मदतीच्या अकरावीतल्या मुलाला म्हटलं, मुक्त सॉफ्टवेअरची ही सगळी चळवळ प्रिंटरपासूनच सुरू झाली. एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला, कागद अडकला की कळवायची सोय रिचर्ड स्टॉलमनना त्यात घालायची होती, आणि कोड द्यायला नकार मिळाला. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला. "आणि प्रिंटरचं काय झालं?" माहीत नाही, म्हटलं. आपला चालला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हार मान्य. टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करणाऱ्या सहा मुली रोज संध्याकाळी येतात. त्यांचा सराव रेमिंग्टन या जुन्या टाइपरायटरच्या कळरचनेवर आणि सरावाचा प्रोग्राम फक्त विंडोजवर. मी त्यांना इनस्क्रिप्ट ही दुसरी कळरचना किती शास्त्रशुद्ध आहे ते सांगायला लागलो. एकीने नम्रपणे विचारलं, "सर, परीक्षेत ते असतं का?"

सात नंबर पुन्हा नुसतं विंडोज १०, अस्सल परवान्याचं, नेटची वायर काढून. टायपिंगला नेट लागत नाही. सहा नंबर नुसतं मिंट. घड्याळाचा प्रश्न आपोआप सुटला. आठवर विंडोज ११. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीची यूएसबी किल्ली दोन्ही तिथेच चालतात. आठांत सहा मिंटवर.

२३ नोव्हेंबर, रविवार

ग्रंथसूची. चौदा हजारांवर नोंदी, २००६ ते २०१६ या काळात टाइप केलेल्या. मिंटवर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे: आतला मजकूर इंग्रजी कोडांचा, वर मराठीची चित्रं बसवलेली. तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर आला ते डोंगलशिवाय, म्हणजे संगणकाला लावायच्या परवाना-किल्लीशिवाय, चालत नाही, आणि डोंगल कपाटं हलवताना कधीतरी गेलं. एक ते पाचच्या परवान्यांची लाज वाटत होती. इथे उलटी गंमत. आमच्याच पुस्तकांची आम्हीच केलेली यादी, आणि ती वाचायला दुसऱ्याची परवानगी हवी.

मुलगा पायथन या संगणकभाषेत रूपांतराचा प्रोग्राम लिहायला बसला. चिन्हामागे चिन्ह बदलून भागत नाही, हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. जुना फॉन्ट हाताने लिहिल्यासारखा चालतो: ‘किल्ला’मध्ये आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-कोडांत, आधी क. ‘वर्ष’मध्ये जुन्याचा रफार ष नंतर येतो, युनिकोडमध्ये र् आधी. ‘स्थिती’ला तर पहिली वेलांटी अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते, ती सुरुवातीला अर्ध्या स ला लोंबकळत राहायची.

३० नोव्हेंबर, रविवार

मॅडमनी पहिल्या पाचशे नोंदी लाल पेनाने तपासून आणल्या. बहुतेक खुणा एकाच गोष्टीच्या. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’, ‘दऱ्या’चं ‘दर्या’. मुलाने अर्धा र आणि रफार एकच समजून टाकले होते. मॅडम म्हणाल्या, "आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं यात लग्नाच्या दिवशी फार फरक पडतो." स्क्रिप्टमध्ये दोन्ही वेगळे केले. मग कळलं, युनिकोडमध्येही हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारा जोडक घालून. दिसायला एकच, शोधायला दोन. सगळीकडे पहिली तऱ्हा ठेवली.

छापायला मुक्ता फॉन्ट, मुंबईच्या एक टाइपचा, मुक्त परवान्याचा. वापरा, बदला, दस्तऐवजात घाला. फक्त एकटा फॉन्ट विकायचा नाही. डोंगल नाही, हे मॅडमनी दोनदा विचारून घेतलं.

१४ डिसेंबर, रविवार

बैठकीत मला शाबासकी आणि लगेच एक चुकीचं वाक्य. अध्यक्षसाहेब: "आता आपल्या वाचनालयात कुणावर पाळत नाही." थांबवावं लागलं. मिंट स्वतः काही पाठवत नाही, पण मुलं त्याच जीमेलमध्ये शिरतात, तेच व्हिडिओ बघतात. ते पलीकडच्याला दिसतंच. कुठल्या साइटला गेलो हे नेट पुरवणाऱ्यालाही कळतं. फायरफॉक्समध्ये जाहिरातरोधक घातलाय, एवढंच. आणि लिनक्स म्हणजे आपोआप साधू, असंही नाही. उबुंटूने ऑक्टोबर २०१२ च्या आवृत्तीत मेनूतला शोध थेट अॅमेझॉनच्या सूचनांशी जोडला होता. स्वतःच्या फायली शोधायला टाइप केलेले शब्द बाहेर जायचे. ओरड झाली, २०१६ मध्ये ते मुळातून बंद ठेवलं गेलं. ओरड करता आली कारण काय चाललंय ते बघता येत होतं.

वहीचा प्रश्नही आला. २०११ चे सायबर कॅफे नियम वापरणाऱ्याची ओळख आणि वेळ यांची नोंद वर्षभर ठेवायला सांगतात. आपण धंदा करत नाही, पण खजिनदार काका धोका पत्करत नाहीत. वही राहील: नाव, सभासद क्रमांक, आला किती वाजता, गेला किती वाजता. आधारची झेरॉक्स घ्यायची नाही. मिनिटबुकात तसं लिहून घेतलं.

२८ डिसेंबर, रविवार

काढलेल्या पाच हार्डडिस्क. भंगारवाला नगाला दीडशे देतो म्हणाला, फॉरमॅट मारून ठेवा म्हणाला. नुसतं फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं आत तशीच. सहा नंबरला एकेक जोडून पूर्ण डिस्कवर शून्यं लिहायला लावली. एकेकीला दोन-दोन तासांच्या वर. एक मध्येच अडली, खराब सेक्टर. तिला शिपाईदादांनी आवारात हातोड्याने निकालात काढलं, जरा जास्तच उत्साहाने. भंगाराचे सहाशे जमा.

११ जानेवारी २०२६, रविवार

सूची १३,२०० पर्यंत स्वच्छ. ती आता सहा नंबरवर कोहा या ग्रंथालय चालवायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घालून बघतोय. कोहा न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ नावाच्या लहान ग्रंथालय संस्थेने करून घेतलं, जुनी प्रणाली २००० साल ओलांडणार नाही म्हणून, आणि जीपीएलखाली जगाला देऊन टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आहेर. आहेरासारखाच, परतफेडीची आठवण ठेवून दिलेला.

देवघेव विभागाच्या सेटिंगमध्ये एक प्रश्न येतो: पुस्तक परत आल्यावर ते कुणी नेलं होतं ही नोंद ठेवायची, की नाव काढून टाकायचं? अध्यक्षसाहेब म्हणाले ठेवा, लोक काय वाचतात ते कळलं तर खरेदीला बरं. मॅडम म्हणाल्या, कुठलं पुस्तक किती वेळा गेलं ते कळतंच, कुणी नेलं ते कशाला? मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. पंधराएक वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, मुलीने वर्षभरात कुठली पुस्तकं नेली ते बघायला. रजिस्टर टेबलावरच होतं, उघडं. मॅडमनी त्यावर वर्तमानपत्र ठेवलं आणि सांगितलं, रजिस्टर बांधणीला गेलंय.

सेटिंग ‘नाव काढा’ वर ठेवलं. माळ्यावर १९८७ पासूनची देवघेव रजिस्टरं आहेत, त्यांचं काय, हा विषय पुढच्या बैठकीत. क्रमांक सात, गळतीनंतर.